अप्पा बळवंत चौकातला बल-समतोल प्रयोगसंच: पट्टी उत्तम, पुस्तिका उथळ

नववी ते अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी बल, आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम, म्हणजे बल × टेकूपासूनचे अंतर) आणि समतोल या प्रकरणांवरचा एक प्रयोगसंच मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील शालेय साहित्याच्या एका दुकानातून घेतला आणि घरी शिकायला येणाऱ्या मुलांबरोबर तो भरपूर वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. किंमत दोन हजार रुपयांच्या थोडी आत आहे. खोक्यात भोके पाडलेली लाकडी मीटरपट्टी, दोन लोखंडी स्टँड, ५ न्यूटनपर्यंतचे दोन ताणकाटे, खाचेची वजने व ती अडकवण्याचे आकडे, दोन कप्प्या बसवलेला उभा फळा, प्लायवुडचा एक वेडावाकडा तुकडा, ओळंबा आणि एक पुस्तिका असा ऐवज आहे.

ज्या शहरात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञान शिकवले, तेथे अशा विकतच्या संचावर पैसे का घालावेत, हा प्रश्न रास्तच आहे. पेन्सिलीवर पट्टी आणि पट्टीवर नाणी ठेवून तरफेचे तत्त्व कोणालाही दाखवता येते. मात्र गणिताने काढलेली जागा आणि हाताने सापडलेली जागा यांच्यात दोन मिलिमीटरचा फरक का पडला, असे मुलांनी विचारावे अशी अपेक्षा असेल, तर बऱ्यापैकी नेमके साहित्य लागतेच, आणि या संचातील पट्टी त्या कसोटीला उतरते.

पट्टीच्या मध्याजवळ एकाखाली एक अशी तीन भोके आहेत. मधल्या भोकातून खिळा घातला की पट्टी ज्या कोनात सोडावी त्या कोनात राहते. वरच्या भोकातून टांगली की थोडी डुलून पुन्हा आडवी होते. खालच्या भोकातून मात्र ती क्षणभरही न टिकता उलटी फिरते. उदासीन, स्थिर आणि अस्थिर समतोल हे तिन्ही प्रकार एकाच पट्टीवर दिसतात, आणि आधाराच्या तुलनेत गुरुत्वमध्य (सारे वजन जणू जेथे एकवटलेले असते तो बिंदू) कोठे आहे यावरच सारे ठरते, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तिकेत या तीन भोकांचा उल्लेखसुद्धा नाही.

पुस्तिकेबद्दलची माझी मुख्य तक्रार येथूनच सुरू होते. तिच्यातील आघूर्णाचे सर्व प्रयोग ५० सेंटिमीटरच्या खुणेवर टेकू ठेवून केलेले आहेत. तेथे पट्टीचे स्वतःचे वजन टेकूतूनच जात असल्यामुळे त्याचे आघूर्ण शून्य होते, समीकरणात ते येत नाही, आणि पट्टीला वजनच नसते अशी मुलांची पक्की समजूत होऊन बसते. आम्ही टेकू ३० सेंटिमीटरवर नेला. पट्टीचे वस्तुमान १२० ग्रॅम भरले होते. तेव्हा (१२० × २० = २०० × १२ या हिशेबाने) आकड्यासह २०० ग्रॅमचे वजन टेकूपासून १२ सेंटिमीटरवर, म्हणजे १८च्या खुणेवर, यायला हवे होते. प्रत्यक्षात पट्टी आडवी झाली ती वजन १७.८वर नेल्यावर. मुले ‘प्रयोगातील त्रुटी’ असे लिहून मोकळी होणार, तोच पट्टी धारेवर नुसती तोलून पाहिली, तर तिचा गुरुत्वमध्य ५०.४वर निघाला, कारण एका टोकाला पितळी कडी बसवलेली आहे. तो आकडा घालून गणित पुन्हा केले की १२.२४ सेंटिमीटर अंतर येते आणि १७.८चा उलगडा होतो. माझ्या मते निम्मी किंमत या एका प्रयोगातच वसूल होते.

दोन ताणकाट्यांचा प्रयोगही असाच भरघोस आहे. पट्टी १० आणि ९० सेंटिमीटरवर दोन काट्यांना टांगायची आणि तिच्यावरून ३०० ग्रॅमचे वजन पुलावरून जाणाऱ्या ट्रकसारखे हळूहळू सरकवायचे. वजन मध्यावर असताना दोन्ही काटे साधारण २.१ न्यूटन दाखवतात. ते ३०वर आणले की डावा २.८ आणि उजवा १.३वर जातो, पण बेरीज ४.१च्या आसपासच राहते. पट्टी तंतोतंत आडवी हवी असा पुस्तिकेचा आग्रह आहे, तो अनाठायी वाटतो. दोरे उभे असतील तर पट्टी थोडी कलल्याने सर्व भुजा (बलांमधली आडवी अंतरे) एकाच प्रमाणात आखूड होतात आणि वाचने बदलत नाहीत. जपायचे ते दोरे तिरपे होऊ नयेत एवढेच. आमच्या संचातील एक काटा मोकळा असतानाही ०.२ न्यूटन दाखवत होता. दुकानदार आधी “सर, शाळावाले असेच घेऊन जातात,” असे म्हणाले, पण नंतर त्यांनी तो कुरकुर न करता बदलून दिला. वजने ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तपासली तेव्हा ५० ग्रॅमची वजने ४९.२ ते ५०.६ ग्रॅमपर्यंत भरली. या किमतीत तेवढे चालवून घ्यावे.

कप्प्यांचा फळा हा या संचाचा सर्वांत कच्चा भाग आहे. दोन बाजूंना १५० व २०० ग्रॅम आणि मध्ये २५० ग्रॅम टांगले की पहिल्या दोन दोऱ्यांमध्ये काटकोन व्हायला हवा. येथे तिन्ही दोरे बांधलेली कडी जेथे सोडावी तेथेच, चांगल्या दोन सेंटिमीटरच्या टापूत, कोठेही स्थिर राहते, कारण कप्प्या नुसत्या खिळ्यावर फिरतात आणि घर्षणामुळे कप्पीच्या दोन बाजूंचा ताण सारखा राहत नाही. शिलाई मशीनचे तेल घालून, फळ्यावर टिचक्या मारून आणि दोन्ही टोकांच्या जागांचा मध्य घेऊन काटकोनाच्या जवळपास पोहोचता येते. पुस्तिकेत मात्र लामीचे प्रमेय (समतोलातील तीन बलांपैकी प्रत्येक बल आणि उरलेल्या दोन बलांमधील कोनाची ज्या, म्हणजे साइन, यांचे गुणोत्तर सारखेच असते) देऊन सोबत एक भरलेला ‘नमुना तक्ता’ छापला आहे आणि त्यात तिन्ही गुणोत्तरे दोन दशांश स्थळांपर्यंत जुळतात. या कप्प्यांवर अशी वाचने येणे शक्य नाही. जर्नलात काय उतरवायचे ते मुलांना आयतेच मिळते, आणि प्रयोगाच्या पुस्तिकेचा याहून वाईट उपयोग मला सुचत नाही.

प्लायवुडचा तुकडा आणि ओळंबा ठीक आहेत. पुस्तिकेची उरलेली पाने कात्री, अडकित्ता, चिमटा यांना तरफेच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या प्रकारात बसवण्यात गेली आहेत, जे शाळेच्या पुस्तकात आहेच.

घरी एकदोन मुलांना शिकवणाऱ्याने पूर्ण संच घेण्याची गरज नाही. त्याच दुकानात पट्टी, स्टँड, वजने आणि ताणकाटे सुटे मिळतात आणि ते सगळे हजार-बाराशेत बसते. ताणकाटा मात्र तेथेच टांगून, त्याचा काटा शून्यावर आहे ना, हे पाहूनच घ्यावा. शाळेसाठी पूर्ण संच घ्यायचाच असेल, तर फळ्यावरच्या कप्प्यांऐवजी बेअरिंगच्या कप्प्या बसवून देण्याची मागणी करावी. थोडे जास्त पैसे घेऊन दुकानदार तसे करून देतात.