बिगर रिचार्जची छत्री की महिन्याचा पॅक? मराठवाड्यातल्या घरासाठी हिशेब

१ एप्रिल आला की छत्री बसवणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. "काल रात्री लागत होता, आज चॅनलच नाही." छत्री हललेली नसते, डबाही बिघडलेला नसतो. डीडी फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची बिगर रिचार्जची छत्री. तिच्यावरच्या जागा प्रसार भारती, म्हणजे दूरदर्शन चालवणारी संस्था, लिलावाने देते आणि हा लिलाव वर्षाच्या बोलीवर चालतो. ज्याने बोली लावली नाही किंवा ज्याची कमी पडली, तो चॅनल जातो आणि त्याच्या जागी दुसराच कुणी येऊन बसतो. यावर वैतागून कंपनीची, म्हणजे खाजगी डीटीएचची रिचार्जवाली छत्री घ्यायला निघालेले लोक आहेत, तसे रिचार्जला कंटाळून उलटे फिरणारेही आहेत. दोघांनीही पैसे टाकण्याआधी हे वाचावं.

खर्चाचं आधी उरकू. फ्री डिशला छत्री, डबा, वायर आणि बसवणावळ धरून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं, पुढे महिन्याला काही नाही. कंपनीच्या छत्रीला किंवा केबलला नेटवर्कचं भाडं, वर पैशाचे चॅनल, वर १८ टक्के जीएसटी. ट्राय या सरकारी नियामकाने २०१९ साली हे भाडं महिन्याला १३० रुपयांवर बांधलं होतं. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादाही काढून टाकली. मराठी मालिकांचा साधा पॅक घेतला तरी महिन्याला अडीचशे-तीनशे जातात, म्हणजे वर्षाला तीन हजारांच्या वर.

आता बघायला काय मिळतं ते. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी हे पैशाचे चॅनल आहेत, फ्री डिशवर दिसत नाहीत. घरात संध्याकाळी सातपासून दहापर्यंत रिमोट सासू-सुनेच्या हातात असेल आणि मालिकेचा एक भाग चुकला तर जेवणात मीठ कमी पडत असेल, तर पुढचं वाचूच नका, कंपनीची छत्री घ्या. दुकानदार कितीही सांगो, 'फ्री डिशवर सगळं मराठी येतं' हे खरं नाही. हक्काचं मराठी म्हणजे सह्याद्री. बाकी मराठी सिनेमाचे, गाण्यांचे, बातम्यांचे चॅनल त्या वर्षी लिलावात कोण उभं राहिलं त्यावर.

हे येणं-जाणं नवं नाही. मार्च २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते हे हिंदीतले लाडके चॅनल एकदम उठून गेले, २०२० च्या जूनमध्ये परत आले आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेले. कारण सरळ आहे. चॅनलवाल्याला फ्री डिशच्या चार कोटींहून जास्त घरांवर जाहिरातीचा पैसा हवा असतो. पण तोच चॅनल इकडे फुकट आणि तिकडे विकत, हे बघून केबलवाले आणि डीटीएच कंपन्या बोंब मारतात. जुलै २०२४ मध्ये ट्रायने सांगून टाकलं, फ्री डिशवर फुकट असलेला चॅनल सगळीकडेच फुकट जाहीर करायचा. म्हणजे चॅनलवाल्याने दोनपैकी एक दार निवडायचं. आपल्या आवडीचा चॅनल कुठल्या दारातून जाईल हे आपल्याला कुणी विचारत नाही. फ्री डिशचा खरा त्रास मला हाच वाटतो. पैसे भरत नसल्यामुळे आपण ग्राहक ठरत नाही, मग भांडायचं कुणाशी? कंपनीच्या कॉल सेंटरवर निदान आवाज तरी चढवता येतो.

क्रिकेटमध्ये मात्र बाजी उलटते. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खाजगी चॅनलला प्रसार भारतीला द्यावंच लागतं आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दूरदर्शनच्या टॉवरपुरतं आणि फ्री डिशपुरतं ठेवलं. म्हणून भारताची एकदिवसीय किंवा टी-ट्वेंटी मॅच डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशवाला फुकट बघतो आणि शेजारचा रिचार्जवाला स्पोर्ट्सचा वेगळा पॅक टाकतो. आयपीएल या हिशेबात धरू नका.

बीड, धारूर, पाटोदा भागातल्या ऊसतोड घरांसाठी तर माझं मत पक्कं आहे: फ्री डिशच. दिवाळीनंतर टोळी निघाली की छत्रीही ट्रॅक्टरवर चढते. कारखान्याच्या फडाजवळ कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभी राहते, दगडांनी भरलेल्या घमेल्यात छत्रीचा पाय रोवला जातो, तोंड आग्नेयेला आणि बरंच वर, कारण उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. कुणीतरी छत्री तसूतसूने फिरवतं, आतून "आलं, आलं, गेलं!" असा ओरडा. डबा १२ व्होल्टचा असला तर बॅटरीवरही चालतो. कंपनीची छत्रीही नेता येते, पण उचल फेडायच्या दिवसांत रिचार्ज संपला की पडदा काळा. आणि गावाकडे म्हातारी माणसं राहतातच, म्हणजे खर्च दोन जागी.

शहरात केबल अजून टिकून आहे. लातूर-नांदेडच्या गल्लीत केबलवाला ओळखीचा असेल तर वाईट नाही. फक्त त्याच्याकडची लाईट गेली किंवा रस्ता खोदताना वायर तुटली की तुमचाही टीव्ही बंद. पावसाचं म्हणाल तर दोन्ही छत्र्या सारख्याच, आभाळ दाटलं की चित्राचे चौकोन होतात.

अँटेनाचा विषय जुन्या माणसांच्या तोंडून निघतो, म्हैसमाळच्या आणि अंबाजोगाईच्या टॉवरची आठवण काढून. ते जुनं प्रक्षेपण दूरदर्शनने देशभर जवळपास गुंडाळलं. छत्रपती संभाजीनगर मात्र २०१६ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झालेल्या १६ शहरांत होतं. तिथे राहत असाल आणि टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर (अँटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भाग) असेल तर शेजारीपाजारी कुणाकडे चालतं का बघा आणि मगच अँटेना आणा. मिळणार ते दूरदर्शनचे मोजके चॅनल.

फ्री डिशकडे कल झुकला असेल तर डबा घेताना एक गोष्ट सांभाळा. बाजारात दोन जातीचे डबे आहेत, एमपेग-२ आणि एमपेग-४, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या आणि नव्या पद्धतीचे. जुन्या एमपेग-२ डब्यावर एमपेग-४ मधले चॅनल दिसतच नाहीत, आणि स्वस्तात खपवला जातो तो नेमका हाच. 'चॅनल गेला' म्हणून येणाऱ्या तक्रारींत काही वेळा चॅनल गेलेला नसतो, एमपेग-४ मध्ये सरकलेला असतो. दोनतीनशे जास्त गेले तरी एमपेग-४ घ्या, तो जुन्या पद्धतीचेही चॅनल दाखवतो. कंपनीची बंद पडलेली छत्री घरावर असेल तर नवी घेऊ नका, बहुतेक वेळा तीच फिरवून चालते.

खरेदी एप्रिलचा पहिला आठवडा गेल्यावर करा. तेव्हा दिसणारी यादी बहुतांशी वर्षभर राहते, मधल्या लिलावात एखाददुसरा इकडेतिकडे. आणि घरात आधीच फ्री डिश असेल तर छत्रीवाल्याला बोलावण्याआधी मेनूत जाऊन ऑटो स्कॅन मारून बघा, त्याची फेरी आणि तुमचे दोनशे रुपये वाचतील.