इम्प्लांटचे न मिळालेले स्टिकर

खालच्या जबड्यातील एक दाढ काढल्यानंतर तिच्या जागी काय बसवावे, हे विचारायला मी ज्या दवाखान्यात गेलो, तेथे दंतवैद्यांपेक्षा अधिक वेळ माझ्याशी बोलल्या त्या तेथील सल्लागार बाई. काढता-घालता येणारी कवळी त्यांनी हसण्यावारी नेली. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायच्या कृत्रिम दातासाठी, ते धडधाकट दात घासावे लागतात आणि घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. मात्र माझ्या मागच्या दाढेवर आधीपासूनच कॅप असल्याने ब्रिजचा विचार मुळीच अव्यवहार्य नव्हता, हे मला फार उशिरा कळले. त्यांनी सुचवला तो इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताला आधार देणारा, जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रूसारखा भाग. त्याच्याभोवती हाड धरायला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात, हेही मला तो बसवून झाल्यावरच समजले. अंदाजपत्रकावर 'नामांकित परदेशी कंपनी' एवढेच लिहिले होते, आणि 'आजच भरल्यास सवलत' या शब्दांना भुलून मी सगळी रक्कम त्याच दिवशी भरली.

दोन वर्षांनी कॅप हलू लागली. जिभेने ढकलली की बारीक 'कट्' असा आवाज येई. दुसऱ्या दंतवैद्यांनी एक्स-रे काढून सांगितले की, हाडातील इम्प्लांट घट्ट आहे, केवळ वरचा भाग जोडणारा स्क्रू सैल झाला आहे. पण हा स्क्रू आणि तो फिरवण्याचे हत्यार कंपनीगणिक वेगळे असू शकते, म्हणून त्यांनी वेष्टनावरचे स्टिकर मागितले. त्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो, आणि ते रुग्णाच्या नोंदीत चिकटवायचे असते.

पहिल्या दवाखान्यात मी तीन खेपा घातल्या. आधी 'शोधतो', मग 'जुन्या संगणकात आहे', आणि शेवटी एका प्रसिद्ध कंपनीचे नाव लिहिलेली चिठ्ठी हातात आली. नव्या दंतवैद्यांनी त्या कंपनीचे हत्यार लावून पाहिले, ते स्क्रूच्या खाचेत बसलेच नाही. एक्स-रेमधील आट्यांचा आकारही त्या कंपनीच्या इम्प्लांटशी जुळत नव्हता. म्हणजे पैसे एका मालाचे घेतले आणि जबड्यात दुसराच माल बसवला.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीचे आणि मॉडेलचे नाव अंदाजपत्रकावर लिहून घ्यावे, आणि इम्प्लांट बसवला त्याच दिवशी स्टिकरची प्रत मागावी. सवलतीची मुदत संध्याकाळपर्यंतच असेल, तर ती खुशाल संपू द्यावी आणि दुसऱ्या दंतवैद्यांना एक्स-रे दाखवावा. मी लेखी तक्रार दिली असून ती चिठ्ठी तिला जोडली आहे. तूर्त मी दुसऱ्या बाजूने चावतो.