गुपित शेअर: वर्गणी भरून की स्वतः शोधून?

"कर्जमुक्त, संरक्षण खात्याला सुटे भाग पुरवणारी छोटी कंपनी, नाव हवं तर वर्गणी भरा." असली जाहिरात बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांच्या फोनवरही येते.

वर्गणी भरली की नाव लगेच मिळतं. पण ते इतर वर्गणीदारांनाही मिळालेलं असतं, आणि छोट्या शेअरचा भाव तेवढ्यानेही उसळू शकतो. निदान जाहिरातदाराचा सेबीचा (शेअरबाजाराच्या नियामकाचा) नोंदणी क्रमांक तपासा. संशोधन विश्लेषकाचा, म्हणजे शेअर सुचवणाऱ्या रिसर्च ॲनालिस्टचा, 'आयएनएच'ने (INH) सुरू होतो.

स्वतः शोधायला वेळ जातो. बीएसईच्या (मुंबई शेअरबाजाराच्या) संकेतस्थळावर प्रवर्तकांचा (प्रमोटरांचा) हिस्सा, कर्ज, वार्षिक अहवाल जाहिरातीतल्या वर्णनाशी ताडून पाहायचे, सगळं फुकट. कधी तीन कंपन्या जुळतात, नाव नक्की होतच नाही. तरी मी हेच करीन, कारण त्या नादात ताळेबंद वाचून होतो, थकलेली येणीही दिसतात. आणि ऑर्डर हाती असूनही बिलं किती महिने अडकतात, हे कास्टिंगवाल्या बेळगावकराला कोणी शिकवायला नको.