ऑनर्स घ्यावे की तेच तास मोकळे ठेवावेत?

चौथे सत्र संपत आले की मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक अर्ज फिरू लागतो आणि ऑनर्सला नाव द्यायचे की नाही, हे दोन-चार दिवसांत ठरवावे लागते. मी कळव्याला राहून नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकलो आणि हा अर्ज शेवटच्या दिवशी, बराच घोळ घालून भरला. माझ्यापुढे खऱ्या अर्थाने दोनच वाटा होत्या. एक म्हणजे रीतसर ऑनर्स, म्हणजे पदवीच्या विषयांवर काही जादा विषय घेणे. दुसरी म्हणजे साधी पदवी घेऊन, वाचलेल्या तासांत एनपीटीईएलसारखे ऑनलाइन अभ्यासक्रम आपल्या आवडीने करणे. मायनरचा विचार मी फारसा केला नाही, कारण दुसऱ्या शाखेचे विषय घेण्याइतकी उत्सुकता तेव्हा नव्हती.

आधी घरच्यांच्या मनातला एक गोंधळ दूर केलेला बरा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बीए, बीएस्सी, बीकॉमला चौथे वर्ष केल्यावर मिळणारे ऑनर्स वेगळे आणि अभियांत्रिकीतले वेगळे. तिथे एक वर्ष वाढते. इथे वर्षे चारच राहतात, आठवडा मात्र जड होतो. तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० क्रेडिट ठेवली आणि त्यांवर १८ ते २० जादा क्रेडिट मिळवणाऱ्याला ऑनर्स किंवा मायनर देण्याची सोय केली. आमच्या वेळच्या योजनेत ही १८ क्रेडिट शेवटच्या चार सत्रांत विभागलेली होती: दर सत्राला एक विषय आणि मध्ये कुठेतरी एक प्रयोगशाळा. नंतरच्या तुकड्यांची रचना बदलली आहे, तेव्हा आपल्या तुकडीची योजना स्वतः वाचावी. वरच्या वर्गातल्या मुलांच्या सांगण्यावर विसंबू नये.

वेळेच्या बाबतीत साधी पदवी उघडपणे सरस आहे. आमचे ऑनर्सचे तास आठवड्यातून दोनदा संध्याकाळी, सगळ्या शाखांचे नियमित तास उरकल्यावर असत, आणि ते सुटेपर्यंत साडेसहा होत. त्या वेळी ट्रान्स-हार्बरच्या ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत घणसोली, रबाळे आणि ऐरोलीला कंपन्यांतून सुटलेली जी गर्दी चढते, तिच्यात पाठीवरची बॅग पोटाशी घेऊन उभे राहणे आणि मग ठाण्याला दहा नंबरवर उतरून, पूल ओलांडून कळव्याची धीमी गाडी पकडणे हा प्रकार चार सत्रे सोसावा लागतो. साडेचारला सुटणारे माझे मित्र तोवर घरी चहा पिऊन झालेले असत. ऑनर्स न घेण्याला हे एक कारणही पुरेसे आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

ऑनलाइन वाटेची बाजूही कमकुवत नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात, विषयांची निवड ऑनर्सच्या ठरावीक चौकटीपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि प्रमाणपत्रासाठीची परीक्षा केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते. मी चौथ्या सत्रात, जानेवारी ते एप्रिल, बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम चाचणीदाखल करून पाहिला. माझा निर्णय खरे तर तिथेच झाला, आणि तोही अशा एका कटकटीमुळे, जी माहितीपत्रकात कुठेच सापडणार नाही.

या अभ्यासक्रमांत अंतिम गुणांपैकी २५ टक्के आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे असतात. पहिले तीन आठवडे मी प्रामाणिकपणे व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणे काढली. चौथ्या आठवड्यात युनिट टेस्ट आली. बुधवारी रात्री असाइनमेंटची मुदत संपणार होती आणि दहाच्या सुमारास वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी एक ओळ टाकली: ब, क, क, अ, ड, ब, अ, अ, क, ड. बस, एवढेच. ती दहा अक्षरे मी दोन मिनिटांत भरली आणि झोपलो. पुढच्या बुधवारी ग्रुप उघडून त्या ओळीची वाट पाहत बसलो. आठव्या आठवड्यानंतर मी एकही व्हिडिओ पाहिला नाही, तरी असाइनमेंटचे २५ पैकी २४ गुण झाले. परीक्षेत जुन्या प्रश्नांच्या जोरावर ७५ पैकी ३८ पडले आणि एकूण ६२ वर ‘एलिट’ शिक्का असलेले प्रमाणपत्र हाती आले. दोष अभ्यासक्रमाचा मुळीच नव्हता. तो ग्रुपचा होता आणि त्याहून माझा. पण घरी एकटे बसून शिकताना मला अडवणारे कोणी नाही आणि कोणी अडवल्याशिवाय मी थांबत नाही, एवढे मला त्या प्रमाणपत्राने शिकवले.

ऑनर्समध्ये मी सुधारलो, असे मात्र समजू नये. मी इंटरनेट ऑफ थिंग्ज, म्हणजे सेन्सर लावलेली उपकरणे इंटरनेटने जोडण्याचा विषय, घेतले होते. प्रयोगशाळेत प्रकाशाच्या सेन्सरचा एक प्रयोग होता. वाचने घ्यायला कंटाळा आला म्हणून मी वरच्या वर्गातल्या एकाच्या जर्नलमधला तक्ता थोडे आकडे इकडेतिकडे करून उतरवला. मॅडमनी तो वरून खाली पेन्सिलीने तपासला आणि पेन्सिल २८७० या आकड्यावर थांबली. “ही वाचने तू घेतलीस? तुझ्या टेबलावर आर्डुइनो उनो आहे. तो १०२३ च्या पुढे मोजतच नाही.” उनो हा सेन्सरची वाचने घेणारा छोटा सर्किट बोर्ड. ज्याच्या जर्नलमधून मी उतरवले त्याने ईएसपी-३२ हा दुसरा बोर्ड वापरला होता, आणि तो बारा बिटांचा असल्यामुळे ४०९५ पर्यंत जातो, उनो दहा बिटांचा. मॅडमनी पानावर लाल रेघ मारली आणि प्रयोग पुन्हा करायला लावला. त्या संध्याकाळी मला घरी पोहोचायला साडेआठ वाजले. दहा बिट म्हणजे काय, हे मी आजतागायत विसरलेलो नाही. त्या ऑनलाइन अभ्यासक्रमातले काय आठवते म्हणाल, तर फक्त ती अक्षरांची ओळ.

नोकरीच्या दृष्टीने ऑनर्सचा फायदा होतो का, याबद्दल मी फार खात्रीने बोलू शकत नाही. माझ्या तिन्ही मुलाखतींत ‘ऑनर्स’ या शब्दावर कोणी थांबले नाही. प्रश्न आले ते प्रकल्पावर. ज्याची एखादी केटी, म्हणजे नापास झालेला विषय, राहिली आहे त्याने जादा विषय अंगावर घेऊ नयेत, असे मला वाटते, कारण पदवी अडते ती मूळ विषयांमुळे; जादा क्रेडिट नसली म्हणून कोणाची अडत नाही. एमटेकच्या प्रवेशासाठी गेट देणाऱ्यानेही विचार करावा. ती परीक्षा फेब्रुवारीत येते आणि सातव्या सत्रात हातात फारसा वेळ उरत नाही. आणि जो बुधवारी रात्री तो ग्रुप म्यूट करून स्वतःचे उत्तर भरू शकतो, त्याला संध्याकाळची गर्दी सोसायची गरज नाही. अशी मुले असतात, आमच्या वर्गात दोघे होते.

बाकीच्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, अर्ज भरण्याआधी एक गोष्ट अवश्य करावी. आपल्या महाविद्यालयात जो विषय ऑनर्सला देतात, त्याचे मागच्या वर्षीचे एखादे जर्नल मागून घ्यावे आणि चाळावे. पानोपानी नुसतीच सही दिसली तर साडेचारची गाडी पकडावी. कुठे तरी लाल रेघ दिसली तर मात्र नाव देऊन टाकावे.