खिडकीचे गज वाकडे दिसत होते, आणि आम्ही पावडर देत बसलो

माझी आई 71 वर्षांची. गेल्या श्रावणात खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात ‘मोफत नेत्र तपासणी’ झाली. बेळगावच्या दवाखान्यात पाटी कानडीत, चिठ्ठी इंग्रजीत. आईला प्रत्येक दाराशी कुणाला तरी विचारावं लागतं. शिबिरवाले हे दोघे मराठी बोलत होते, मराठी पत्रकं वाटत होते, प्रत्येकीला ‘मावशी’ म्हणत होते. तिथंच आमचा विश्वास बसला.

त्याआधी चार दिवस आई म्हणाली होती, “गे, खिडकीचे गज मधेच वाकडे दिसायलेत बघ.” चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी म्हटलं. शिबिरातल्या माणसानं टॉर्च मारला आणि सांगितलं, “मावशी, पाळी गेल्यावर हार्मोन आटतात, त्यानं डोळ्याचा पडदा सुकतो. ही पावडर ते भरून काढते.” 3 डबे, 7,500 रुपये, रोख. वर बजावलं, डॉक्टरकडे गेलात तर डोळ्यात सुई टोचतील, डोळा जाईल. पैशांपेक्षा या वाक्यानं आमचं जास्त नुकसान केलं. पाच महिने आई दवाखान्याचं नाव काढू देईना.

संक्रांतीला तिळगूळ देताना तिला समोरच्या बाईचा चेहरा दिसेना. मधोमध काळा डाग, कडेचं तेवढं दिसतं. मग बेळगाव गाठलं. उतारवयात पडद्याच्या मध्यभागाला होणारा आजार, त्यातला ओला प्रकार. पडद्याखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात. सरळ रेघ वाकडी दिसणं हीच त्याची खूण, आणि ज्या सुईची भीती घातली तोच त्यावरचा उपचार. डाव्या डोळ्यात तोवर व्रण धरला होता. तो भाग आता परत येणार नाही.

हार्मोनचं मी डॉक्टरांना खोदून विचारलं. पाळी गेल्यावर डोळे कोरडे पडतात हे खरं, पण ते बाहेरच्या पाण्याचं. पडदा आत असतो. अमेरिकेत हजारो बायकांना हार्मोनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, पडद्याचा हा आजार एकूणात टळला नाही. शिवाय दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग स्तनाच्या कर्करोगाचा धोका दिसल्यामुळे 2002 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. जीवनसत्त्वं आणि ल्युटीन (पालेभाज्यांतलं एक द्रव्य) यांच्या ठराविक गोळ्यांनी आजाराच्या एका टप्प्यावर वाढ मंदावते. गेलेली नजर त्यांनीही येत नाही.

डब्यावर 14 आकडी परवाना छापलेला, म्हणून आम्ही निर्धास्त. तो खाद्यपदार्थाचा परवाना, औषधाचा नव्हे. मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व बरं करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्यानं बंद आहे, तरी पत्रकावर तिन्ही होतं. पक्की पावती नाही, नंबर बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे असं पत्रक आलं तर फाडू नका, फोटो काढून ठेवा.

आई आता रोज सकाळी डावा डोळा झाकून खिडकीकडे बघते. उजव्याला गज अजून सरळ दिसतात.