कॅम्बस ४० वर्षे: बंद डिस्टिलरीतली सिंगल ग्रेन

एडिंबरामधील एका बारमध्ये पंचवीस मिलिलिटरचा एक पेग घेऊन मी जवळजवळ तास काढला, आणि तरीही घाई केल्यासारखेच वाटले. व्हिस्की होती कॅम्बस, १९७५ साली गाळलेली, चाळीस वर्षे पिंपात मुरलेली आणि डिआजिओ या मद्य कंपनीने २०१६च्या विशेष मालिकेत ५२.७ टक्के तीव्रतेला बाटलीबंद केलेली. एकूण बाटल्या अवघ्या १,८१२.

सिंगल ग्रेन म्हणजे एकाच धान्याची, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला लागू आहे. धान्यात माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, बार्लीसोबत मका किंवा गहू असतो आणि गाळप उंच स्तंभासारख्या भट्टीत अखंड चालते. त्यातून निघणारी दारू हलकी असल्याने ती बहुतेक ब्लेंडमध्येच, म्हणजे मिश्र व्हिस्कीतच, जाते आणि निव्वळ माल्ट बार्लीच्या व्हिस्कीचे शौकीन तिला फारसे मोजत नाहीत. स्कॉटलंडमधील अलोआजवळच्या कॅम्बस डिस्टिलरीने मात्र १९०६ साली, ग्रेनला व्हिस्की म्हणावे की नाही हा वाद इंग्लंडच्या कोर्टात पेटलेला असताना, आपली सात वर्षांची ग्रेन थेट ग्राहकांपुढे ठेवली आणि ती गॅलनभर प्यायली तरी डोके दुखणार नाही, अशी जाहिरात केली. (मी एका पेगवर थांबलो, त्यामुळे दाव्याची शहानिशा झाली नाही.) १९१४च्या आगीत जळून १९३८ साली पुन्हा सुरू झालेली ही डिस्टिलरी १९९३मध्ये कायमची बंद पडली, आता त्या जागी पिंपे दुरुस्त होतात.

रंग फिक्या मधासारखा आहे. आधी वापरलेल्या अमेरिकन ओकच्या पिंपांत मुरवल्यामुळे लाकूड अंगावर येत नाही, हे या व्हिस्कीचे मोठे भाग्य. पेला नाकाशी नेताच प्रथम नव्या फर्निचरच्या पॉलिशचा उग्र दर्प येतो. तो पाच-सात मिनिटांत विरला की मागून ओल्या खोबऱ्याच्या गरम वड्यांचा, वेलदोड्यासकट, वास येतो आणि मग तो जात नाही. जिभेवर पोत तेलकट, गोडी काकवीकडे झुकणारी, मध्येच पिकल्या चिकूची आठवण. निव्वळ पिताना तीव्रता जाणवते. चमच्याच्या टोकाने चार थेंब पाणी घातल्यावर गोडी मोकळी झाली, दहाव्या थेंबानंतर मात्र सगळेच पातळ झाले. शेवट माझ्या अपेक्षेपेक्षा आखूड आणि किंचित तुरट निघाला, आणि चाळीस वर्षांच्या व्हिस्कीत ही उणीव मला खटकते.

किमतीत वयाइतकाच वाटा त्या बंद दरवाजांचा आहे, हे उघड आहे. संग्रहासाठी बाटली घेणाऱ्यांना त्याचे काही वाटणार नाही. पिण्यासाठी घेणाऱ्याने मात्र आधी एक पेग चाखावा, पेला पंधरा मिनिटे तसाच ठेवावा आणि पाण्याचा जग शक्यतो लांबच राहू द्यावा.