डीएनईझी ब्लड अँड टिश्यू किट: बंदरांतल्या खेकड्यांसाठी घ्यावे का?

जहाजांमुळे खेकड्यांचे वंश कसे मिसळतात हे तपासायचे, तर शेकडो नमुन्यांचा डीएनए एकसारखा निघायला हवा. त्यासाठी कियाजेन कंपनीचे हे डीएनए वेगळा काढायचे किट आम्ही खात्रीने सुचवू.

युरोपातला हिरवा खेकडा, कार्सिनस मेनास, १८१७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नोंदला गेला आणि तिथून उत्तरेकडे पसरत गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस नोव्हा स्कॉशियात त्याची दुसरी खेप आली, बहुधा जहाजांच्या बॅलास्ट (तोल राखायला भरलेल्या) पाण्यातून. जुन्या वसाहतीत नसलेले हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारे डीएनएचे प्रकार) तिथे सापडले, म्हणजे विविधता वाढली. पण दोन नळ्यांमधला द्राव चुकून एकत्र झाला तरी निकाल असाच दिसतो! म्हणून सेंट्रिफ्यूजच्या (नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्राच्या) २४ जागांपैकी एक नळी ऊतीविना ठेवाच. तिच्यात पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीची) पट्टी उमटली, तर ती सगळी फेरी बाद.

चालण्याच्या पायातला पांढरा स्नायू घ्या, २५ मिलिग्रॅमच्या आत. जास्त घातला की डीएनए धरून ठेवणारा किटमधला स्तंभ तुंबतो. कल्ले टाळा, त्यांवर इतर जीव बसलेले असतात. इथेनॉलमधला तुकडा आधी टिपून कोरडा करा, नाहीतर प्रोटिनेज के हे प्रथिने तोडणारे विकर नीट काम करत नाही. १८० मायक्रोलिटर एटीएल (ऊती विरघळवणारा किटमधला द्राव), २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के, ५६ अंश सेल्सिअस. स्नायू पूर्ण विरघळेपर्यंत थांबा. कवचाचा कण आला असेल तर तो विरघळणार नाही. फिरवून खाली बसवा आणि फक्त वरचा द्राव पुढे न्या.

मग एएल (डीएनए स्तंभाला चिकटवायला मदत करणारा द्राव) आणि इथेनॉल २००-२०० मायक्रोलिटर, आणि सगळे स्तंभात. एडब्ल्यू१ आणि एडब्ल्यू२ या धुण्याच्या द्रावांच्या नव्या बाटल्यांत इथेनॉल आपणच घालायचे असते. ते घालायचे राहिले तर धुताना डीएनएही वाहून जातो. एडब्ल्यू२ नंतरची २०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०,००० पट) वेगावरची ३ मिनिटे कमी करू नका. उरलेले इथेनॉल पीसीआर अडवते.

शेवटी स्तंभातला डीएनए उतरवून घ्यायला एई द्राव २०० मायक्रोलिटर. बारीक पिल्लू असेल तर १००. डीएनए दाट मिळतो, एकूण मात्र कमी.

डीएनएचे तुकडे साधारण २० ते ३० हजार बेसजोड्यांचे निघतात. सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात ते जनुक) किंवा रॅड-सीक्वेन्सिंगला (जीनोमचे निवडक भाग वाचण्याच्या पद्धतीला) ते पुरतात, लांब-वाचनाच्या जीनोमला नाही. रॅडसाठी आरएनेज ए (आरएनए नष्ट करणारे विकर) वेगळे विकत घ्यावे लागते.